खालच्या ट्रॅकवरचा नंदूदादा

प्रिय नंदूदादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, हे आधीच सांगून टाकते. दोनदा नुसतं 'नंदूदादा' लिहिलं आणि खोडलं. शेवटी शाळेत शिकवलेली पत्राची रीत आठवली म्हणून तो शब्द राहू दिलाय. पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे.

आज लिहायचं कारण वहिनी. काल सकाळी तिचा फोन आला. तुला जाऊन चार महिने झाले आणि या चार महिन्यांत तिने मला आपणहून केलेला हा पहिला फोन. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. एकदम म्हणाली, "वैजू, मी सगळं ऐकून काढलं. पयल्यापासून शेवटपर्यंत, छत्तीसच्या छत्तीस. त्यात माझा माणूस नाय. ह्यो खोकत नाय, शिवी देत नाय, मला हाक मारत नाय. तू जे कापलंस ना गो, ते मला दे."

जे कापलं ते दे! मी इतकी वर्षं लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापते आहे, पण असं मागणं माझ्याकडे कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "बघते वहिनी, आहे का ते." ती म्हणाली, "तू काय फेकत नाहीस, मला माहीत हाय." आणि फोन ठेवला.

आहे, दादा. सगळं आहे. तेच तर दुखणं आहे. आणि त्यात तो एक तुकडा आहे. तिने तो ऐकला की तिला कळणार, तुझं दुखणं मला आधीपासून ठाऊक होतं आणि मी तिच्याशी खोटं बोलले. दिला नाही तर तुझा खरा आवाज तिला या जन्मात मिळणार नाही. आता बोल, मी काय करू? बोल ना! एरवी तर तुझं तोंड बंद व्हायचं नाही.

हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्याच. पेणला तुझं मोटार वायंडिंगचं दुकान. मिठागरांवरचे पंप जळले की लोक मोटार घेऊन तुझ्याकडे यायचे आणि तार गुंडाळून होईपर्यंत बाकावर बसून गोष्टी सांगायचे. खाडीचं पाणी कसं घ्यायचं, बांध कसा फुटला, कुणाची होडी धरमतरला कशी अडकली. एकदा रोह्याला आलास तेव्हा मला म्हणालास, "वैजू, ही माणसं मरून जातील आणि ह्यांचं काय म्हणजे काय राहणार नाय. आपण पॉडकास्ट करू." मी विचारलं, पॉडकास्ट कसा करतात ते माहीत आहे का? "नाय. तुला येतं ना कापायला? मी बोलतो, तू काप."

मी बोलतो, तू काप. झाली आपली कामाची वाटणी! तेव्हा किती सोपं वाटलं होतं ते.

साधनं म्हणजे तरी काय? एक कॉलरला लावायचा माइक, तुझा काच तडकलेला जुना फोन, आणि बाकी सगळं तू दुकानातल्या भंगारातून उभं केलेलं. मोडक्या टेबल लॅम्पची मान कापून माइकला स्टँड केलास. 'प' आणि 'फ' म्हणताना वारा माइकवर आपटू नये म्हणून वहिनीची चहाची गाळणी पळवलीस आणि तिच्यावर तुझ्या पोरीचा, पिंकीचा जुना मोजा ताणून बसवलास. वहिनी दोन दिवस गाळणी शोधत होती, आणि तू तिच्यासमोर बसून पदराने गाळलेला चहा प्यायलास. निर्लज्ज!

मागच्या खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी गोधड्या टांगायच्या. आवाज घुमू नये म्हणून पंखा बंद. ज्याने अख्ख्या पेणचे पंखे दुरुस्त केले तो माणूस चैत्रात गोधड्यांच्या आत घामाने निथळत बसलेला. वहिनी बाहेर कोंबड्या हाकलत उभी. तुझं संपेपर्यंत तिला कुकर लावायची परवानगी नव्हती. तिने कधी कुरकुर केली का रे? केली असेल. तीही मीच कापली असेन.

आणि कार्डं. आपल्याकडे दोनच कार्डं होती. एक तुझ्या फोनमध्ये, एक माझ्याकडे. एवढी मोठी फाईल तुमच्या गावातून नेटवर चढायची नाही. मग तू ते कार्ड हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून, रोह्याला नोकरीला येणाऱ्या तुमच्या आळीतल्या गृहस्थांबरोबर पाठवायचास. ते पेणला गाडीत बसले की तुझा फोन. "डबी निघाली." कासू स्टेशन गेलं की त्यांचा फोन. "डबी हाय हां माझ्याकडे." जसं काही त्यात कुणाचं मंगळसूत्र आहे! स्टुडिओत डबी उघडली की लग्नाच्या अल्बमांना हिंगाचा वास. माझे मालक नाक मुरडायचे. मी कार्ड उतरवून घ्यायचे, पुसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने तीच डबी परत. म्हणजे मूळ रेकॉर्डिंग कार्डांवर कुठेही नाही. जे काही उरलंय ते माझ्याजवळ.

उरलं कारण माझी सवय. लग्नाच्या धंद्यात ती लागते. काकूचा कंटाळवाणा नाच कापावा, तर महिन्याभराने तीच काकू दारात. "माझा नाच कुठे गेला?" म्हणून मी कापलेलं कधी फेकत नाही. वरच्या ट्रॅकवरून उचलायचं, खालच्या ट्रॅकवर ठेवायचं आणि तो म्यूट करून टाकायचा. ऐकणाऱ्याला ते नाहीच. मला मात्र दिसत राहतं.

तुझी मागणी पहिल्या दिवसापासून विचित्र. "वैजू, 'नाय' गेलं तोंडातून तर काप. 'हाय' पण काप." का रे? मिठागरातली माणसं बोलतायत, खाडीकाठच्या गोष्टी सांगतायत, आणि तू मात्र बातम्या वाचणाऱ्यासारखा. "नमस्कार श्रोतेहो, खारेपाटाच्या गोष्टी या आपल्या कार्यक्रमात आपलं मनःपूर्वक स्वागत!" मनःपूर्वक? तू आयुष्यात कुणाचं मनःपूर्वक स्वागत केलं होतंस? तू म्हणायचास, "ये, बस, पाणी पी." मी सांगितलं होतं तुला की हे खोटं वाटतं. भांडले होते. तू म्हणालास, "पुण्याचे लोक ऐकतात गो, हसतील." एपिसोडखाली कुणीतरी लिहिलंही, की किती छान शुद्ध मराठी. ते तू दहा जणांना दाखवलंस. आणि मी गाढवासारखी तुझं एकेक 'नाय' चिमटीत धरून खाली नेऊन ठेवत बसले.

खालच्या ट्रॅकवर तू भलताच माणूस होतास. तुला ठाऊक होतं, की जे कापायचं ते फक्त मी ऐकणार. म्हणून मग माझ्याशीच बोलायला लागलास. "वैजू, हे काप." "वैजू, मगाचचं पण काप, आज डोकं चालत नाय." "वैजू, ह्या म्हातारीने काय वालाची उसळ केली होती, तू असायला पायजे होतीस." एकदा तर नुसतंच, "वैजू, चिडली असशील ना?" आणि हसणं. मी रोह्यात हेडफोन लावून हसायचे आणि ते खाली टाकायचे. खरं सांगू? मला आवडायचं ते. सख्खा भाऊ नव्हता मला. मावसभाऊ असा दर आठवड्याला कानात येऊन बोलायचा.

खोकला विसाव्या-एकविसाव्या एपिसोडला सुरू झाला. आधी नुसतं घसा साफ करणं. मग वाक्यामध्ये. मग शब्दामध्ये. मी काय केलं? चिडले! माझं काम वाढलं म्हणून चिडले. फोन केला तुला. "दादा, पाण्याची बाटली ठेव की जवळ. एक एपिसोड कापायला अर्धा दिवस जातोय माझा." तू म्हणालास, "वार्निशचा वास गो दुकानात. ज्येष्ठमध चघळतो." पुढच्या कार्डात खोकला होताच, वर ज्येष्ठमध चघळल्याचा आवाज. तोही मी कापला.

काय कापत होते मी? रोज कानाला लावून, आवाज मोठा करून, पडद्यावर त्याचे उंच उंच डोंगर बघून मी तुझा आजार कापत होते. तुझी वाक्यं छोटी होत गेली, श्वास मध्येच संपायला लागला. मी ते श्वास जोडून दिले. इतके बेमालूम जोडले की पुण्यातल्याच काय, तुझ्या शेजारच्या खोलीतल्या वहिनीलाही एपिसोड ऐकून वाटायचं, बरा आहे की आवाज. तिने तुला डॉक्टरकडे जा म्हटलं तर तू काय केलंस? फोन काढून एपिसोड लावून दाखवलास. "बघ, कुठे हाय खोकला?" हे मला तिच्याकडून कळलं, तू गेल्यावर. माझ्या हातचं काम तू तिच्यापुढे दाखला म्हणून ठेवलंस! तुला काहीच वाटलं नाही रे?

आता तो तुकडा.

हिरामणआजाचा एपिसोड. पंचाहत्तरीचा म्हातारा, अख्खा जन्म मिठागरात गेलेला. फाल्गुनात तू त्याच्या खोपटात जाऊन बसलास. मीठ कधी धरतं, पायाने कसं ओळखायचं, सगळं त्याने फार सुंदर सांगितलं. मध्ये तुला खोकल्याची उबळ आली. लांबलचक. आजा थांबला. मग त्याने विचारलं, "खोकला बरेच दिस हाय रं?"

आणि तू सांगितलंस. माइक तुझ्या कॉलरला, फोन चालू. तू म्हणालास, "पनवेलला छातीचा फोटो काढला आजा. डॉक्टर बोल्ला, मुंबईला जा, उशीर करू नको. घरात नाय बोललो. पोरीचं लगीन वैशाखात हाय. ते होऊन जाऊ दे, मग बघू."

आजा म्हणाला, "येडा हायस का? बायकोला तरी सांग."

तू म्हणालास, "सांगितलं तर लगीन पुढे जाईल."

बाहेर पाण्याचा आवाज. आणि मग तू हसून म्हणालास, "वैजूला ऐकू जाईल आता. जाऊ दे. ती कापेल."

ती कापेल!

दादा, या दोन शब्दांसाठी मी तुला कधी माफ करीन असं आज तरी वाटत नाही. तुला सांगायचं होतं ना कुणाला तरी? मग रोह्याला यायचं होतंस. पंचवीस-तीस मैलांवर होते मी, सातासमुद्रापार नव्हते. माझ्यासमोर बसून सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, रडले असते, वहिनीला तिथल्या तिथे फोन केला असता. हेच तुला नको होतं. तुला सांगितल्याचं समाधान हवं होतं आणि माझं ओरडणं नको होतं. म्हणून डबीत घालून पाठवलंस. हिंगाच्या डबीत घालून मरण पाठवलंस मला, आणि वर गृहस्थ फोन करून सांगतायत, डबी हाय हां माझ्याकडे!

आणि मी काय केलं? तू म्हणालास तेच.

मंगळवारची सकाळ होती. स्टुडिओत मालक गिऱ्हाइकाला अल्बमचे नमुने दाखवत होते. मी तो भाग तीनदा ऐकला. मग दोन्ही टोकांना खुणा केल्या, उचलला, खाली ठेवला. हात आपोआप गेला, असं म्हणणार होते. पण तू गेलास तरी तुझ्याशी खोटं कशाला बोलू? हात आपोआप गेला नाही. मी विचार केला. विचार केला की हा माणूस माझ्यावर विश्वास टाकतोय. मला, काय सांगू, अभिमान वाटला जरासा. सगळ्या जगात ही गोष्ट फक्त मला माहीत. त्या अभिमानाची आज किळस येते मला.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. आपलं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

"कापलंस?"

"कापलं."

"शाब्बास." आणि मग लगेच, "हळदीला दोन दिवस आधी ये हां, वहिनीला मदत कर."

बस. एवढंच. तू बेचाळीस वर्षांचा बाप्या, मी अडतीस वर्षांची बाई, आणि आपण लहान पोरांनी काच फोडून लपवावी तसे बोललो. मी 'दादा, मुंबईला जा' एवढं तरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला वाटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. त्याचं त्याला कळतं. पोरीच्या लग्नात विघ्न कशाला! किती कारणं सुचतात माणसाला. 

लग्नात तू नाचलास. हळदीला बेंजो लागला आणि तू डोक्यावर कलश घेतलेल्या बायकांच्या मध्ये शिरून नाचलास, मग मांडवामागे जाऊन वाकून उभा राहिलास. मी बघितलं. तूही मला बघताना बघितलंस. तोंडावर बोट ठेवलंस. मी मान हलवली. त्या हळदीचा व्हिडिओ मीच केला दादा, आमच्याच स्टुडिओला काम होतं. मांडवामागचं त्यात नाही.

पुढचं तुला माहीत आहे, थोडंफार. पिंकी सासरी गेली आणि पंधरा दिवसांत तुला जिना चढवेना. मुंबईच्या डॉक्टरने वहिनीला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात? दोन-तीन महिने आधी आणायचं होतं." दोन-तीन महिने! ती बिचारी म्हणाली, "आम्हाला कळलंच नाय." मी तिच्या शेजारी उभी होते. मी जमिनीकडे बघितलं. तू खाटेवरून माझ्याकडे बघत होतास, आणि तेव्हासुद्धा, नाकात नळी असताना, तुझ्या डोळ्यांत तेच होतं. काप!

दहाव्याला, घाटावरून आल्यावर, वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. भांडी घासत होते मी. ती म्हणाली, "तू कानाला लावून ऐकायचीस ना गो त्याला? आम्हाला घरात राहून कळलं नाय. तुला पण नाय कळलं?"

मी म्हटलं, "नाही वहिनी."

तिने माझ्या हातातलं पातेलं घेऊन विसळलं. मग म्हणाली, "बरं." त्या 'बरं'नंतर तिने चार महिने फोन केला नाही. आता तूच सांग, तिला कळलं नसेल असं वाटतं तुला? मला वाटतं तिला वास आलाय. म्हणून तर ती कापलेलं मागतेय. की खरंच फक्त तुझा आवाज हवाय तिला? कालपासून मी हेच घोळवतेय. आणि हे घोळवायला मला एकटीला सोडून तू निघून गेलास!

काल फोननंतर मी मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून छत्तीस एपिसोडांचे खालचे ट्रॅक एकामागून एक लावले. वरचे बंद केले. पुन्हा पुन्हा थांबवत ऐकले. अरे, काय माणूस होतास रे तू! "रंजे, ती तांबडी कोंबडी मुद्दाम करते बघ." "आयला, परत बॅटरी." "रंजे, हसू नको बाहेरून, मला आत ऐकू येतं." आणि वहिनीचं हसणं! तिचं स्वतःचं हसणं तिथे आहे, दादा, गोधडीपलीकडून आलेलं, बारीकसं. तिला माहीतही नसेल. सगळे 'नाय' आहेत, सगळे 'हाय'. पिंकी दारातून विचारते, "पप्पा, झालं का?" आणि तू, "पाच मिनिटं गो बाय." श्रोतेहो-बितेहो काही नाही. वहिनी म्हणते ते खरं आहे, वरच्या छत्तीस एपिसोडांत तिचा माणूस नाही. तो मी सगळा खाली पुरून ठेवलाय.

त्यात खोकलाही आहे. ओळीने. वीसपासून छत्तीसपर्यंत वाढत वाढत गेलेला. कुठल्याही डॉक्टरला नुसता ऐकवला असता तरी त्याने हात धरून नेलं असतं तुला.

संध्याकाळी मला एक बुद्धी सुचली. सोपी. तेवढा एक तुकडा काढून टाकायचा, बाकीचं सगळं वहिनीला द्यायचं. हिरामणआजाचं दीड मिनिट. कुणाला कळणार आहे? मी काय पहिल्यांदा कापतेय? पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं, तो तुकडा निवडला, बोट बटणावर ठेवलं. आणि दादा, मला तुझं 'शाब्बास' ऐकू आलं. इतका संताप आला मला, की मी संगणक तसाच बंद केला आणि कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत तरातरा चालत गेले. लोक बघत होते. बघू देत.

तुला वाटत असेल, वहिनीपेक्षा पिंकीचा विचार कर. पोरीला कळलं, की बाप तिच्या लग्नासाठी थांबला, तर ती जन्मभर लग्नाच्या फोटोकडे बघू शकेल का? हो, केलाय विचार. तू केला होतास? तिने सांगितलं होतं का तुला थांबायला? लग्न पुढे ढकललं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? जावई चांगला आहे, तो थांबला असता. पण तुला कुणाला विचारायचंच नव्हतं. वहिनीच्या वतीने तू ठरवलंस, पिंकीच्या वतीने तू ठरवलंस, आणि माझ्या वतीने तर दोन शब्दांत ठरवून टाकलंस. आणि सगळी तुला किती प्रेमळ म्हणतात! होतास. प्रेमळ होतास. म्हणून तर एवढा राग येतो. परका असतास तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मला तुझी आठवण येते रे. दर आठवड्याला डबी यायची तो दिवस अजून कोरडा जातो. पण आठवण आली म्हणून राग कमी होत नाही, दोन्ही एकदमच येतात.

तर ऐक. वचन देते, आणि तुला आवडणार नाही ते.

रविवारी सकाळच्या गाडीने मी पेणला येतेय. पेनड्राइव्ह कुणाच्या हाती पाठवणार नाही, लॅपटॉप घेऊन स्वतः येतेय. वहिनीच्या समोर बसणार आणि हेडफोन न लावता, मोठ्याने, तुझं सगळं ऐकवणार. तुझे 'नाय', तुझ्या शिव्या, तिचं हसणं, आणि हिरामणआजाने विचारलेला प्रश्न आणि तू दिलेलं उत्तर. एक सेकंदही न कापता. तो भाग आला की मी उठून पाणी प्यायला जाणार नाही. तिच्याकडे बघत बसणार. तिने विचारलं, "तुला माहीत होतं?" तर म्हणणार, "हो वहिनी. माहीत होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

पिंकीला सांगायचं की नाही ते वहिनी ठरवेल. तू ठरवायचं नाहीस, मीही नाही.

ती मला हाकलून देईल कदाचित. रडेल. कदाचित तोंडात मारील. मारू दे. तू जे ऐकायला घाबरलास ते सगळं मी तुझ्या घरात बसून ऐकून घेईन, तुझ्या वाटचंही.

तुझी मावसबहीण,
वैजू